ग्रंथालयात उमटलेली दोन पाने

१

तालुका संस्कृत प्रज्ञा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेची पाने तीन. त्यांतील दोन मुख्याध्यापिका धनश्री ताकटे यांच्या टेबलावर, काचेच्या पेपरवेटखाली होती. तिसरे कोठे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मुकुंदशास्त्री पाठकांनी चष्मा पुसला आणि पाने न उचलता नुसते वाकून पाहिले. पंचाहत्तरी गाठलेले शास्त्रीबुवा या मुळातीर विद्यालयात चौतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. राहुरीत कोणाचे काही हरवले, बिनसले, तुटले की लोक अजूनही त्यांच्याकडे येत. ते ओरडत नाहीत आणि ऐकून घेतात, एवढेच त्याचे कारण.

"कोठे सापडली?" त्यांनी विचारले.

"ग्रंथालयातल्या प्रिंटरमध्ये. आज सकाळी साडेदहाला ग्रंथपाल रूथबाईंनी आणून दिली."

"तिनेच आणून दिली. मग संशय कोणावर?"

धनश्रीबाईंनी पेपरवेट उगाच फिरवला. "त्यांच्यावरच, गुरुजी. प्रश्नपत्रिका संस्कृतच्या आदिनाथसरांच्या लॅपटॉपमध्ये होती, दुसरीकडे कोठेही नाही. सर म्हणतात, मी ती छापलेली नाही. ग्रंथालय बुधवारी दुपारपासून बंद. मग ही उमटली कशी? समितीचे म्हणणे असे की बाईंनी ती मिळवली, छापली, एक पान बाहेर पोचवले आणि भीती वाटली तेव्हा उरलेली दोन आणून दिली."

"आणि परीक्षा?"

"सोमवारी. छत्तीस शाळांची मुले बसणार आहेत. पहिल्या पाचांचा बारावीपर्यंतचा खर्च संस्था करते." बाईंचा आवाज खाली आला. "उद्या चार वाजता समिती बसते आहे. रूथबाईंना कायम करण्याचा ठराव त्याच बैठकीत होता. अकरा वर्षे हंगामी आहेत त्या. आता त्यांना काढून टाकण्याचा ठराव आधी येईल."

रूथ शास्त्रीबुवांचीच विद्यार्थिनी होती आणि आदिनाथही. एक चोर होती किंवा दुसरा खोटे बोलत होता.

२

रूथ साळवे ग्रंथालयाच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. आत जाण्याची तिला मनाई होती. प्रिंटर बंद करून, आदिनाथचा लॅपटॉप झाकण न उघडताच घेऊन, ग्रंथालयाला आणि लॅपटॉपला मोहोर लावली गेली होती.

"उठू नकोस, बस," शास्त्रीबुवा तिच्याशेजारी टेकले. "बुधवारचे सांग. सगळे सांग, क्षुल्लक वाटेल तेही."

"बुधवारी खंडेनवमी होती, गुरुजी. मी साडेआठलाच आले. मुलींना भित्तिपत्रक छापून देईन म्हणाले होते, दसऱ्याला लावायचं होतं त्यांना. आल्या आल्या प्रिंटर सुरू केला. तुमची ऑफिसात पूजा चालली होती ना दहाला, तेव्हा आरती ऐकू येत होती आणि इकडे माझी पानं छापून होत होती." ती क्षणभर थांबली. "ते चुकलं का माझं?"

"नाही. पुढे?"

"साडेअकराला कुलूप लावून गेले. चर्चमध्ये गाण्याचा सराव होता. प्रिंटर बंद करायचा राहिला, तेवढी चूक कबूल. कागदाची रीमही संपत आली होती, दोनतीन कागद उरले असतील तबकात. आज दार उघडलं तर ही पानं पडलेली आणि तांबडा दिवा लुकलुकतोय. पहिल्या ओळीवरच कळलं काय आहे ते. तिथून पुढे वाचलं नाही मी."

"का?"

"सोमवारी आमच्या शाळेच्याही मुली बसणार आहेत. मला माहीत असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं." ती कसनुशी हसली. "तुम्हीच म्हणायचात, रूथ, तुझ्या तोंडावर रूपं आधी दिसतात, वहीत नंतर."

शास्त्रीबुवांना पंचवीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. ते मुलांना अभिवादनाची रीत शिकवत. वडीलधाऱ्यांसमोर उभे राहायचे, आपले नाव सांगायचे, कुळगोत्र सांगायचे आणि मगच वाकायचे. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला होता. गुरुजी, मला गोत्र नाही, मी काय सांगू? सगळा वर्ग तिच्याकडे पाहू लागला होता. शास्त्रीबुवा म्हणाले होते, नाव सांग, कोणाची ते सांग, गाव सांग आणि तुला काय येते ते सांग. तेवढ्यावरून समोरच्याला माणूस कळतो.

एलिया साळव्यांची ही मुलगी शाळेतली संस्कृत घेणारी पहिली ख्रिस्ती मुलगी होती. तिला ग्रंथपाल नेमा, असे अकरा वर्षांपूर्वी समितीला त्यांनीच सुचवले होते.

"तिसरे पान तू पाहिलेस?"

"नाही, गुरुजी."

ते उठले. तिच्या बोलण्यात एक गोष्ट अशी होती की जी चोराने कधीच सांगितली नसती. पण ती कोणती, हे अजून त्यांच्या मनात स्थिरावत नव्हते.

३

"माझी लेक परीक्षेला बसनार हाय, म्हून मी चोर व्हय?" कानिफनाथने झाडू भिंतीला टेकवला. शाळेतला हा जुना शिपाई. साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या करदोट्याला असत.

"मी तसे म्हणालो का?"

"तुमी न्हाई, गुर्जी. स्टाफरूममधी बोलत्यात. किल्ली दोघांकडं, एक रूथबाईंकडं, एक कानिफकडं, अन् कानिफची ज्ञानेश्वरी परीक्षेला. आवं, तिला माझ्यापेक्षा जास्त येतंय. मी चोरून आनला असता तर तिनंच मला वर्गाभाईर उभं केलं असतं."

शास्त्रीबुवांना हसू आले. "बुधवारी पूजा झाल्यावर तू कोठे होतास?"

"मागल्या अंगाला, शाळेच्या टेम्पोला हार घालीत. तुमी सांगितलं हुतं की, आज हत्यारं इसावा घेतील, कुनी चालवायची न्हाईत. म्हून पूजेच्या आधीच म्या ऑफिसातल्या समद्या मशिनींचे प्लग काढले. प्रिंटरला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. कागद जिथनं भाईर येतो ना, त्या तोंडावरच आडवी बांधली. म्हनलं, आज काय भाईर पडायचं न्हाई."

"आणि ग्रंथालयातल्या प्रिंटरला?"

"तिथं बाई काम करीत हुत्या. कामातल्या मानसाला कशाला उठवायचं? दारातच नारळ फोडला अन् परसाद देऊन आलो."

"ठीक. तू टेम्पोपाशी होतास तेव्हा शाळेत आणखी कोण होते?"

"आदिनाथसर. एकटेच ऑफिसात बसल्याले, एक वाजेस्तोवर." कानिफनाथ घोटाळला. "एक इचारू का, गुर्जी? देवाची माळ कुनी काढली तर पाप कुनाला लागतं? घालनाऱ्याला, का काढनाऱ्याला?"

"कोणती माळ?"

"तीच, प्रिंटरची. दोन वाजता कुलूप लावाया गेलो, तर माळ तोंडावर नव्हती. वर ठिवल्याली, नीट गुंडाळून. अन् प्लग लावल्याला, हिरवा दिवा चालू. म्या कुनाला बोललो न्हाई. म्हनलं, माझीच बांधनी ढिली हुती."

शास्त्रीबुवांनी ते मनात टिपले. झेंडूची माळ आपणहून सुटू शकेल. ती आपणहून नीट गुंडाळली जात नाही आणि प्लगही आपणहून भिंतीत जात नाही.

४

आदिनाथ जोर्वेकर रिकाम्या वर्गात फळा पुसत होता. शास्त्रीबुवांच्या जागी सतरा वर्षांपूर्वी तोच नेमला गेला होता. गुरू आत आल्याचे पाहून त्याने डस्टर ठेवले आणि वाकून नमस्कार केला.

"बुधवारी दुपारी प्रश्नपत्रिका छापलीस का, आदिनाथ?"

"नाही, गुरुजी." नजर जमिनीवर.

"लॅपटॉप कोणाला दिलास?"

"कोणालाही नाही. मिटला तो आज मुख्याध्यापिकांनी नेईपर्यंत मिटलेलाच होता."

"ऑफिसातला प्रिंटर चालला होता का त्या दिवशी?"

"नाही. त्यातून एकही कागद बाहेर आला नाही. खरे सांगतो."

शास्त्रीबुवांनी त्याचे उत्तर मनातल्या मनात पुन्हा वाचले. विचारले होते, चालला का. उत्तर आले, कागद बाहेर आला नाही. खोटे बोलण्याची सवय नसलेला मनुष्य अशा वेळी सत्याचा जेवढा तुकडा हाताशी असेल तेवढाच पुढे करतो. पण तोही तुकडा सत्य होता. ऑफिसातून कागद निघाला नव्हता, आणि इकडे चाळीस पावलांवर, कुलूपबंद खोलीत, मनुष्याच्या हाताशिवाय दोन पाने उमटली होती.

या दोन सत्यांच्या मधे काय होते, हे शास्त्रीबुवांना कळत नव्हते. आणि समितीला आता एकच दिवस उरला होता.

५

शनिवारी सकाळी ते संगणक शिकवणाऱ्या पंकजा म्हसे यांच्यापुढे विद्यार्थ्यासारखे बसले.

"मला प्रथमपासून सांगा. लॅपटॉपला प्रिंटर कसा दिसतो? मधे तार नाही. पत्ता कोणी लिहून दिला?"

"कोणीच नाही, गुरुजी. तीच तर गंमत आहे. पूर्वी प्रत्येक संगणकात प्रिंटरचा पत्ता हाताने भरावा लागायचा. आता प्रिंटर सुरू झाला की शाळेच्या वाय-फायवर स्वतःच सगळ्यांना सांगतो, माझं नाव अमुक, मी इथे आहे, मला छापता येतं. लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा असो, माझा मोबाईल असो, जो ऐकत असेल त्याच्या यादीत ते नाव उमटतं."

शास्त्रीबुवांचा हात उपरण्यावर थांबला. "नाव, ठिकाण आणि काय येते ते."

"हो. एवढंच."

चौतीस वर्षे जी रीत त्यांनी मुलांच्या अंगी बाणवली, तीच या भिंतींमधून, कोणाच्या कानाला न कळता, रोज सकाळी पार पडत होती. डोक्याएवढी एक पेटी जागी होत होती आणि उपस्थित सर्वांना सांगत होती की मी आले आहे. वेद पाठ करताना जसे अंगावर रोमांच उभे राहत, तसे आता राहिले.

"यांची नावे काय ठेवली आहेत?" त्यांनी हळू विचारले.

पंकजाबाई हसल्या. "दोन्हींचं एकच. आपल्या अध्यक्षांनी, अमृतशेठनी, आईच्या स्मरणार्थ दिले ना दोन्ही प्रिंटर. पंख्यावर, घड्याळावर नाव रंगवतात तसं यांच्यावर हवं होतं. मला म्हणाले, मॅडम, नाव पेटीवर नको, कॉम्प्युटरात दिसू द्या. आमच्या आईला अक्षर येत न्हवतं, आता पोरं छापतील तवा तिचं नाव वाचतील. एकावर आहे अन् दुसऱ्यावर नाही असंही चालणार नव्हतं. म्हणून दोन्हींचं नाव कै. बनुबाई."

"मग यादीत ओळखता कसे?"

"ऑफिसातला नुसता कै. बनुबाई. ग्रंथालयातल्यापुढे कंसात दोन येतो."

"तो दोन तुम्ही घातलात?"

"नाही, तो त्याचा त्यानेच घेतला. सुरू होताना प्रिंटर आधी विचारतो, या नावाचं कोणी आहे का. तीनदा विचारतो. कोणी हो म्हणालं, तर भांडत नाही, स्वतःच्या नावापुढे दोन लावून घेतो."

शास्त्रीबुवा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या वर्गात एकदा एकाच नावाची दोन मुले होती. जो आधी येई तो नुसते नाव सांगे, मागून येणारा स्वतःला दुसरा म्हणवी. दोन्ही मुले गुणी, पण रोज कोण दुसरा ठरेल, हे घरून कोण लवकर निघाले त्यावर अवलंबून.

"बाई, ऑफिस रोज किती वाजता उघडते?"

"साडेनऊला."

"आणि ग्रंथालय?"

"साडेदहाला."

"म्हणजे तो दोनचा आकडा ग्रंथालयाचा नव्हेच," शास्त्रीबुवा म्हणाले. "तो उशिरा येणाऱ्याचा आहे."

६

चार वाजता समिती बसली, पण सभागृहात नव्हे. शास्त्रीबुवांच्या विनंतीवरून मोहोर काढून ग्रंथालय उघडले होते. अध्यक्ष अमृतशेठ मधल्या खुर्चीत होते. धनश्रीबाई, आदिनाथ, कानिफनाथ कपाटांना लागून उभे होते. रूथ दारापाशी होती. बोलावल्याशिवाय ती आत आली नव्हती.

"गुरुजी, हे काय नवीन?" अमृतशेठांनी घड्याळ पाहिले. "ठराव दोन वळीचा हाय."

"दोन ओळींसाठीच दहा मिनिटे द्या, शेठ."

त्यांनी कानिफनाथला सांगितले. ऑफिसातला प्रिंटर सकाळपासून चालू होता, तो त्याने बंद केला. मग शास्त्रीबुवांनी स्वतः ग्रंथालयातल्या प्रिंटरच्या तबकात कागदांचा जुडगा ठेवला आणि बटण दाबले. यंत्र घुमले, शांत झाले.

"बुधवारी रूथने हे यंत्र साडेआठला सुरू केले. त्या वेळी ऑफिसातले बंद होते. याने विचारले, बनुबाई कोणी आहे का? उत्तर आले नाही. रोज दुसरे म्हणवणाऱ्या या यंत्राने त्या दिवशी पहिले नाव घेतले. आता, कानिफनाथ, ऑफिसातले सुरू कर."

कानिफनाथ गेला आणि परत आला. "केलं, गुर्जी. हिरवा दिवा लागला."

"बुधवारी दुपारीही ते असेच कोणीतरी सुरू केले. माळ काढून, नीट गुंडाळून ठेवून, प्लग लावून. चोर माळ गुंडाळीत नाही. माळेला जपणाऱ्यानेच ती काढली. ते यंत्र जागे झाले, तेव्हा नाव गेलेले होते. त्याने मुकाट्याने स्वतःला दुसरे म्हटले. त्या मनुष्याने नेहमीप्रमाणे कै. बनुबाई हे नाव निवडून आज्ञा दिली. पानांना यायचे होते ऑफिसात. ती आली येथे, कुलपाआड. तबकात कागद होते दोन. तिसऱ्या पानाला कागदच नव्हता. रूथ म्हणाली होती, तांबडा दिवा लुकलुकत होता. मी ते ऐकले आणि मला कळले नाही. पान चोरणारी बाई कागद संपल्याचे आपणहून कशाला सांगेल?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. त्या पंख्यावरही कोणाच्या तरी आजोबांचे नाव होते.

"मग तिसरं पान कुठं हाय?" अमृतशेठ म्हणाले.

"माझा कयास खरा असेल, तर ते कोठेही गेलेले नाही. ते अजून छापले जायचे आहे; अर्धवट राहिलेली आज्ञा मिटलेल्या लॅपटॉपात तशीच थांबून आहे." शास्त्रीबुवा आदिनाथकडे वळले. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. "लॅपटॉप ऑफिसात आहे, पंकजाबाई त्याच्यापाशी आहेत. मी निरोप पाठवला की त्या झाकण उघडतील. त्याआधी तुला काही सांगायचे आहे का?"

आदिनाथने मान खाली घातली. शास्त्रीबुवांनी धनश्रीबाईंकडे पाहून मान हलवली. त्यांनी मोबाईलवर एकच शब्द सांगितला, "उघडा."

क्षण गेला. आणखी एक गेला. मग कोणीही हात न लावता, कोपऱ्यातल्या त्या पेटीत दिवा लागला, चाके फिरली आणि तिने कागद ओढून घेतला.

कानिफनाथ एक पाऊल मागे सरला. अमृतशेठ खुर्चीतून उठले. पहिले पान बाहेर आले, अक्षरे वर करून. मग दुसरे. यंत्र थबकले, जणू तीन दिवसांपूर्वी जेथे थांबावे लागले ती जागा त्याला आठवत होती. मग तिसरे पान सावकाश, पूर्ण, तबकात येऊन विसावले.

शास्त्रीबुवांनी ते उचलले. कागद उबदार होता.

७

"पडद्यावर जोडाक्षरांच्या चुका दिसत नाहीत, गुरुजी." आदिनाथ अखेर बोलला. "कागदावर एकदा तपासावे म्हणून माळ काढली. आज्ञा दिली, आणि काहीच झाले नाही. यंत्र चालू, दिवा हिरवा, आणि ते गप्प. मला वाटले, पूजा मोडली म्हणून ते रुसले. मी तिथल्या तिथे लॅपटॉप मिटला." त्याने रूथकडे पाहिले आणि पुन्हा मान घातली. "काल पाने येथे सापडली, तेव्हा ती माझी कशी हे मला खरोखर कळले नाही. पण प्रयत्न केला होता एवढे तरी सांगायला हवे होते. तुम्ही सर्वांसमोर म्हणाला होतात, आज हत्यारे विसावा घेतील. तुम्हांला कसे सांगणार होतो?"

"एका दिवसात माझी अकरा वर्षं गेली असती, सर," रूथ दारातून म्हणाली. ती रागावली नव्हती. आणि तेच त्याला सोसवेना.

शास्त्रीबुवांनी हातातले पान टेबलावर ठेवले. "माळ माझ्या पूजेसाठी बांधली गेली," ते म्हणाले. "त्यामुळे ती काढणे तुला अपराध वाटले. आणि तुझे तोंड माझ्या शब्दाने मिटले. पूजेत चूक नव्हती, आदिनाथ. पण ज्या गुरूला शिष्य आपली चूक सांगू शकत नाही, त्या गुरूने काय शिकवले, याचा विचार मला करावा लागेल. तू रूथची क्षमा माग. मीही मागतो."

"गुरुजी, तुम्ही नको," रूथ म्हणाली. आदिनाथने हात जोडले, तेव्हा मात्र तिने ते जोडू दिले.

प्रश्नपत्रिका फुटली नव्हती; तरी आदिनाथ रविवारी नवी काढील आणि तपासायला दुसरा कोणी बसेल, असे ठरले. काढून टाकण्याचा ठराव अमृतशेठांनी दुमडून खिशात घातला आणि कायम करण्याच्या ठरावावर सही केली. मग ते प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडमला सांगा, एकीला बनुबाई ऑफिस म्हना, एकीला बनुबाई ग्रंथालय." त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. "तीनदा इचारते म्हनता, कुनी हाय का म्हून?"

"तीनदा."

"आमची आईबी परक्या दारात तीनदा हाक द्यायची. मगच पाय ठिवायची आत."

सगळे पांगले. उन्हे कपाटांवरून खाली उतरली होती. पंकजाबाईंनी नवे नाव घातले आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. शास्त्रीबुवा कान देऊन उभे राहिले. ऐकू काहीच येत नव्हते. तरी त्यांना ठाऊक होते की या क्षणी, या शांततेत, कोणीतरी नम्रपणे विचारत आहे, आणि जागा मोकळी आहे हे कळल्यावरच आपले नाव सांगत आहे.

मागे पावले वाजली. रूथ किल्ली घेऊन आली होती. ती दाराच्या आत दोन पावलांवर थांबली, तिने दोन्ही हात जोडले आणि वर्गात उभी राही तशी सरळ उभी राहिली.

"मी रूथ," ती म्हणाली, "एलिया साळव्यांची मुलगी, राहुरीची. ग्रंथालय सांभाळते."

मग ती वाकली. शास्त्रीबुवांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला.